पाळणा रिकामा, पण बाळंतीण घरात आहे

गेल्या वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातील एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. चौकशी करता कळले की, तिच्या आईला मेलेले मूल झाले. बाराव्या दिवशी आई कापूस वेचावयास गेली, आणि मुलगी तिच्या मदतीस. जालना जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातील वाचकास यात नवल वाटणार नाही. आम्हांस लाज वाटते ती याचीच.

जिवंत मूल झाले म्हणजे शेगडी पेटते, डिंकाचे लाडू वळतात, सव्वा महिना बाईस गार पाणी लागू देत नाहीत. मूल मेलेले आले की शेगडी विझते. पण बंधुभगिनींनो, मूल गेले म्हणून बाळंतपण जात नाही! रक्त तितकेच जाते, दोनतीन दिवसांनी दूधही उतरते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने मृत जन्मलेल्या बालकासही बालकच मानून त्याच्या आईस रजेचा हक्क दिला. कायद्यास जे कळले ते आमच्या घरात कळू नये काय?

वर तिलाच ‘पांढऱ्या पायाची’ म्हणावयाचे! रक्तदाब, अंगात रक्त कमी, मधुमेह, जंतुदोष, अडलेले बाळंतपण ही खरी कारणे. कधी कारण सापडतही नाही. एक कारण मात्र आमच्या कोनाड्यातील डबीत आहे. मुंबईतील सुमारे 1,200 गरोदर स्त्रियांची पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या शंभरांत सुमारे 9 जणींचे मूल मृत जन्मले; न वापरणाऱ्यांत 3 जणींचे. डबी आधी सासूने फेकावी, म्हणजे सून फेकील.

दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी फुकट होते. त्या दिवशी नवऱ्याने औत सोडून सोबत जावे. पोटातील हालचाल मंदावली, अंगावरून रक्त गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उजाडण्याची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा.

आणि इतके करूनही मूल गेलेच, तर आशाताईंनी पाळणा रिकामा म्हणून ते दार वगळू नये. छाती दाटली तर पिळू नये, गार फडके ठेवावे. ताप, घाण वास किंवा फार रक्तस्राव दिसताच दवाखाना गाठावा. तिला रडू द्यावे, बाळाविषयी बोलू द्यावे. आठवडे लोटले तरी ती जेवत नसेल, झोपत नसेल, तर डॉक्टरास सांगावे.

शेगडी पेटती ठेवा. कापूस चार दिवस थांबेल.