‘अरेबियन डान्स’ आपला नाही. मग ‘आदिवासी नृत्य’ कुणाचं?

दिवाळीची सुट्टी संपली की शहापूर-मुरबाडच्या शाळांत गॅदरिंगची गडबड सुरू होते. कोळीगीत, लावणी, देशभक्तीपर गीत, आदिवासी नृत्य ही यादी जवळजवळ ठरलेली. अलीकडे तिच्यात ‘अरेबियन डान्स’ची भर पडलेली दिसते. शहरातून कोरिओग्राफर येतो, मोबाईलवर रील दाखवतो, ड्रेसवाल्याकडून नाण्यांचे पट्टे आणि चेहऱ्यावरची झिरझिरीत ओढणी भाड्याने येते, आणि आठ-दहा दिवसांत बेली डान्स ‘बसवला’ जातो. मुली निवडताना शेख, पटेल, खान आडनावाची मुलगी दिसली की कुणीतरी सहज बोलून जातं, “हिला घ्या, हे तुमच्यातलंच आहे ना!”

गाणंही बहुतेक वेळा ठरलेलंच, २०१२ च्या ‘एक था टायगर’मधलं ‘माशाल्लाह’. लेकराला नजर लागू नये म्हणून घरात आपण जो शब्द उच्चारतो, त्याच्यावर कंबर हलवायची आणि खाली निवेदकाने म्हणायचं, “आता पाहू या मुस्लिम संस्कृतीची झलक.” पालकांना राग येतो तो बरोबर आहे. पण राग नेमका कशाचा, हे स्वतःशी नीट मांडलं नाही तर आपली तक्रार “यांना नाचच नको” एवढ्यावर गुंडाळली जाते. नाचावं की नाचू नये याबद्दल घराघरांत वेगळी मतं आहेत, उलेमांनी त्यावर बोललेलं आहे आणि ज्या घराला मुलीला स्टेजवर पाठवायचं नाही त्या घराचा तो हक्क आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या गोष्टीला ‘आपली’ म्हणून आपल्यावर चिकटवलं जातंय, ती आहे तरी कुणाची?

अरबीत या नाचाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्याचाच घरगुती भाऊ रक्स बलदी. बलदी म्हणजे त्या मातीतला, आपल्या भाषेत अगदी ‘गावठी’. इजिप्तमध्ये लग्नाच्या घरी बायका बायकांत हा नाच होतो. आपल्याकडे मेंदीच्या रात्री ढोलकीवर जे चालतं त्याच जातीचं. पैसे घेऊन लोकांसमोर नाचणाऱ्या गवाझी बायका वेगळ्या. त्यांना १८३४ मध्ये मुहम्मद अली पाशाने काहिरातून बाहेर काढून दक्षिणेकडे पाठवलं. ‘बेली डान्स’ हे नाव तर अरबी नाहीच. फ्रेंच लोकांनी ‘पोटाचा नाच’ म्हटलं आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत गाजलं. आज रीलवर दिसतं ते स्टेजचं रूप १९२६ नंतर बदीआ मसाबनीच्या काहिरातल्या नाइट क्लबात घडलं आणि त्या दोन तुकड्यांच्या पोशाखावर हॉलिवूडच्या सिनेमाचा मोठा प्रभाव होता, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या मुलींना ‘तुमच्यातलं’ म्हणून दिलं जातं ते काहिरा, पॅरिस, शिकागो आणि मुंबईचा सिनेमा यांचं मिश्रण. त्यात कोकणी किंवा दखनी मुसलमान घराचं काहीच नाही. अरब असणं आणि मुसलमान असणं एक नव्हे, हे पाचवीच्या भूगोलात शिकवावं लागतं आणि गॅदरिंगला विसरलं जातं.

मग ज्याचं त्यानेच नाचावं, असा नियम करायचा का? इजिप्त सरकारने तो करून पाहिला. २००३ मध्ये परदेशी नर्तकींना तिथे बेली डान्सचे परवाने बंद झाले. पुढच्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. रक्तावरून कला अडवता येत नाही. आपल्या मराठीतच बघा. सगनभाऊ हे लावणीतलं मोठं नाव, मुसलमान शाहीर. त्यांची लावणी मराठी आहे की नाही असं आजवर कुणी विचारलेलं नाही. बार्शीचे मेहबूब पटेल ‘शाहीर अमर शेख’ झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज बनले. ते त्या कलेत मुरलेले होते, उसना पोशाख घालून आले नव्हते.

दोन-तीन वर्षांपूर्वी गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून राज्यात जो वाद पेटला त्यातही मुद्दा हाच होता. टीव्हीवर चर्चा अश्लीलतेचीच जास्त झाली. पण लावणीत आयुष्य घालवलेल्या कलावंतांचं एक म्हणणं साधं होतं: काय करायचं ते करा, त्याला लावणी म्हणू नका. नावाला किंमत असते. उस्तादाकडे बसून शिकलेला शागीर्द आणि रील बघून शिकलेला यांत फरक असतो तो इथेच; पहिल्याला आपण काय नाचतोय त्याचं नाव, गाव आणि त्यामागची माणसं माहीत असतात.

इथपर्यंत आपल्या वाचकांना माझं पटलं असेल. आता जरा अवघड भाग.

त्याच गॅदरिंगमध्ये, त्या ‘अरेबियन’ नंबरच्या आधी किंवा नंतर, ‘आदिवासी नृत्य’ असतं. मुलांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, डोक्यात पिसं, हातात भाला आणि तोंडात ‘झिंगालाला’. त्यात आपली मुलंही असतात. आपण खाली बसून फोटो काढतो. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी स्टेटसही ठेवतो. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली आपले शेजारी आहेत. बाजारात, एसटीत, दवाखान्यात रोज भेटतात. काळं तोंड करून भाला नाचवणारा यांपैकी एकही आपण कधी पाहिलेला नाही, तरी स्टेजवर तो आपल्याला खटकत नाही.

त्यांचे नाच आहेत आणि त्यांना नावंही आहेत: ठाकरांचा कांबड नाच, गौरीच्या दिवसांतला गौरीनाच, ढोलनाच. वारल्यांचा तारपा तर जगाला माहीत झाला, तोही चित्रांतून. तारपा वाजवायचं वाद्य आहे. दुधी भोपळा, बांबू, ताडाची पानं आणि मेण यांचं. वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. भात घरात आल्यावरचा हा नाच. जव्हार-डहाणूचा भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे हे काही लांबचं नाही. तरी शाळेत तारपा स्पीकरवर वाजतो आणि मुलं प्रेक्षकांकडे तोंड करून एका रांगेत उभी राहतात. ज्याच्याभोवती फिरायचं तो वादकच नसतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत. नेमकी तेव्हाच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर गेलेली असतात. दिवाळीनंतर पाड्यांना कुलपं लागतात, पटावरची मुलं आई-बापाबरोबर भिवंडीकडच्या किंवा त्याहून लांबच्या भट्टीवर. म्हणजे ‘आदिवासी नृत्य’ चालू असताना आदिवासी मूल हॉलमध्ये नाही, विटांच्या रांगेत आहे. (तानसा-भातसाचं पाणी मुंबईला आणि आपल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर, तसाच हा हिशेब.) ‘मुस्लिम संस्कृतीची झलक’ ऐकून आपल्याला जे वाटतं ते त्या मुलालाही वाटत असणार. फरक इतकाच की आपण मुख्याध्यापकांना भेटून बोलू शकतो.

म्हणून मापदंड एकच ठेवला पाहिजे, आपल्यासाठीही आणि शेजाऱ्यांसाठीही. नाचाचं खरं नाव पत्रिकेत छापा. तो कुणाकडून शिकलात ते सांगा. पाड्यावर गौरीनाच येणाऱ्या बायका आहेत, त्यांना चार दिवस शाळेत बोलवा आणि कोरिओग्राफरला देता तेवढंच मानधन द्या. त्या शिकवतील तसंच, त्यांच्याच लुगड्यात होऊ द्या. तोंडाला काळं फासणं आजपासून बंद. अरब जगातलं काही दाखवायचंच असेल तर फिलिस्तीनचा दबका आहे, रांगेत हातात हात घालून पाय आपटत करायचा नाच, युनेस्कोने २०२३ मध्ये वारसा यादीत घेतलेला. मुलं-मुली अंगभर कपड्यांत करू शकतात, आणि निवेदकाने तेव्हा ‘फिलिस्तीन’ म्हणावं, ‘मुस्लिम’ नव्हे. आडनाव बघून मुलीला कुठल्याही नंबरात घालायचं नाही, हे तर वेगळं सांगायला नको होतं.

यातलं काहीच शाळेच्या हाताबाहेरचं नाही, पालकांच्याही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. आपल्यातल्या कितीतरी आया त्या समितीवर फक्त सहीपुरत्या आहेत. कार्यक्रमाची यादी ठरते ती बैठक सुट्टीनंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागते. त्या बैठकीला जा, आणि जाताना पाड्यावरच्या एखाद्या आईलाही बरोबर घ्या. भट्टीवर जाण्याआधी ती गावातच असते.