चौथा गडी

ईदच्या दुसऱ्या दिवशी घोडेगावात आपाच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. शीरखुर्म्याच्या वाट्या धुऊन झाल्या, पुरुषमंडळी ओट्यावर कांद्याच्या भावावर बोलत बसली आणि पुण्याहून आलेल्या भाईजानच्या मुलीनं तिचा गेमचा डबा टीव्हीला जोडला. ‘ओव्हरकुक्ड’ असं त्या खेळाचं नाव. बंदुका नाहीत, मारामारी नाही, म्हणून मीही चष्मा लावून बसले. चौघांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवायचं. कुणी कांदा चिरायचा, कुणी भांडं चुलीवर चढवायचं, कुणी ताटल्या विसळायच्या आणि वेळ संपायच्या आत गिऱ्हाइकांना पदार्थ द्यायचे. एकट्यानं कितीही धावपळ केली तरी भागत नाही. २०१६ साली इंग्लंडमधल्या दोन मित्रांनी हा खेळ तयार केला म्हणे.

भाची, माझा धाकटा, हाताला धरून बसवलेली आपा आणि आपाचा नववीतला मुलगा असे चार गडी झाले. आयुष्यभर चूल सांभाळलेल्या आपानं पडद्यावर पहिल्याच मिनिटात भांडं जाळलं, त्यावर खूप हसलो. पण तिच्या मुलाचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. तो स्वतःचा आचारी सोडून दुसऱ्याच्याच आचाऱ्याकडे बघत बसायचा. धाकटा ओरडायला लागला, “अरे, लक्ष कुठंय तुझं?” ओट्यावरून दुलाभाईंनी भर घातली, “शेतातही असंच! टोमॅटो तोडायला सांगितले की निम्मे कच्चे.” पोरगं कानकोंडं झालं. मग हळूच बहिणीला म्हणालं, “ताई, हे दोघं एकाच रंगाचे आहेत ना?”

एक लाल होता, दुसरा हिरवा.

भाचीनं खेळ थांबवला. काही न बोलता तिनं सेटिंग उघडली. या खेळाची २०२० साली जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात रंगांधळ्यांसाठी वेगळा पर्याय आहे, अक्षरं सहज वाचता यावीत म्हणून वेगळा टाइप आहे आणि ‘असिस्ट मोड’ नावाची एक सोय आहे. ती चालू केली की वेळ वाढवून मिळतो, गिऱ्हाईक जरा जास्त थांबतं. तिनं रंगांचा पर्याय लावला, भावाला निळा आचारी दिला आणि आपासाठी वेळही वाढवला. पुढच्या डावात तोच मुलगा सगळ्यांना सांगत होता, “अम्मी, ताटली द्या! तू भाताकडे बघ!”

धाकट्याला मात्र हे पटेना. “ही तर चिटिंग आहे. मग जिंकण्यात काय मजा?”

आपल्या लहानपणी याला उत्तर होतं. लपाछपीत, डबा ऐसपैसमध्ये सगळ्यात लहान पोराला आपण लिंबूटिंबू करायचो. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. आपल्याला वाटायचं, किती मोठं मन आपलं! पण लिंबूटिंबू झालेल्याला विचारा. मी झालेली आहे. आपण पकडलेला गडीसुद्धा धरला जात नाही, हे त्या पोराला चांगलं कळतं. तो खेळात असतो, पण मोजणीत नसतो.

भाचीनं केलं ते निराळं होतं. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळतो, आणि पूर्ण अंध फलंदाजानं काढलेली प्रत्येक धाव दोन धरतात. हा नियम आहे, कुणी केलेली मेहेरबानी नाही. तो फलंदाज नसेल तर संघाचं अडतं. आमची अम्मी गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून नमाज पढते. तिच्या नमाजीला कुणी लिंबूटिंबू म्हणतं का? धाकट्याला मी एवढंच विचारलं. तो गप्प झाला. पटलं म्हणून की भूक लागली म्हणून, ते माहीत नाही.

ईदची पाहुणेमंडळी गेल्यावर आपा मुलाला घेऊन नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानापानावर रंगीत ठिपके आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली ही तपासणी प्रसिद्ध केली, आजही जगभर तीच वापरतात. आपाला आकडे लगेच दिसले, मुलाला बऱ्याच पानांवर नुसते ठिपके. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. नजर उत्तम, चष्मा नको, आणि यावर औषधही नाही.

घरी आल्यावर कुणीतरी बोललंच, “आईकडूनच आलंय.” आपा दोन दिवस जेवली नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. लाल-हिरवं रंगांधळेपण बहुधा ‘एक्स’ गुणसूत्रातून येतं. मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं, त्यामुळे गोष्ट खरी आहे. दोष मात्र कुणाचाच नाही. ज्या बाईच्या वडिलांना हा त्रास असतो, ती स्वतः सगळे रंग पाहू शकते, पण तिच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत शक्यता निम्मी-निम्मी असते. मुलीला मात्र ते आईबाप दोघांकडून यावं लागतं, म्हणून बायकांत हे फार कमी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एक असा असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी, पण एखाद्या मोठ्या शाळेत अशी काही मुलं असणारच.

आमचे अब्बा गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या निवडताना मला जवळ बसवायचे. “ही झाली का गं लाल?” असं विचारायचे. मला वाटायचं, मला शिकवताहेत.

खरी काळजी पुढची आहे. पहाटे फजरनंतर हायवेच्या कडेनं धावणारी पोरं तुम्ही आपल्या गावातही पाहिली असतील. भाचाही त्यांच्यात असतो, त्याला फौजेत जायचंय. लष्कर असो की रेल्वे, भरतीत रंगदृष्टी तपासतात. लेखी झाली, धावणं झालं, आणि वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा कळलं, असं कितीतरी मुलांचं होतं. वर्षं गेलेली असतात. दहावीच्या आत एकदा ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

दारं सगळी बंद होत नाहीत. सौम्य ते मध्यम रंगांधळेपण असलं तरी वाहन परवाना मिळावा, असा बदल केंद्र सरकारनं जून २०२० मध्ये केला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनं संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवडलेल्या एका तरुणाला याच कारणावरून प्रवेश नाकारला होता. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये प्रवेश द्यायला सांगितलं. सिनेमा हे अनेकांनी मिळून करायचं काम, रंगाच्या बाबतीत एकानं दुसऱ्याची मदत घेतली तर बिघडतं कुठं? आमच्या भाचीनं टीव्हीसमोर दोन मिनिटांत जे केलं, ते त्या मुलाला मिळायला सहा-सात वर्षं लागली.

आता भाच्याच्या फोनमध्येही ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन रंग बदलून ठेवलेत. वर्गशिक्षकांना आपानं चिठ्ठी दिली, नकाशे आणि आलेख रंगाबरोबर नावानंही समजवा म्हणून. दुलाभाई टोमॅटोच्या तोडणीला त्याला आता दाबून बघायला सांगतात, आणि निवडायला बसवतात ते कांद्यावर. कांदा आकारावर निवडायचा असतो, त्यात त्याचा हात सगळ्यांत पुढं.

शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत आपा भेटली. विचारलं, “फौजेचं काय म्हणतो?” म्हणाली, “काही बोलत नाही. पण धावायला जातो अजून, रोज.”