मग तो आत गेला का?

मुलांना घेऊन कीर्तनाला गेलेल्या प्रत्येक आईला एक गोष्ट ठाऊक असते. मुले पूर्वरंगात झोपतात आणि उत्तररंगात जागी होतात. जीव, माया, वैराग्य यांचे निरूपण चालू असते तोवर एक डोके आपल्या मांडीवर, दुसरे शेजारणीच्या मांडीवर, अशी पडलेली असतात. मग बुवा उपरणे कमरेला आवळतात, झांज एकदा खणकते, हरिश्चंद्र राजा राज्य सोडून वाटेला लागतो, आणि तीच डोकी हळूच वर येतात. तत्त्व काही बदललेले नसते. मघाशी ते नुसते होते, आता त्याला हातपाय फुटलेले असतात. बुवांना हे चांगले कळते, म्हणून ते आख्यानाला निम्मा वेळ देतात. आपण शिकवायला बसलो की मात्र पूर्वरंगच दोनदा लावतो. एकदा धडा म्हणून आणि पुन्हा तात्पर्य म्हणून!

हे सारे आठवले ते एका वाचक भगिनीच्या पत्रामुळे. त्यांची मुलगी मिशनच्या शाळेत जाते. नाताळच्या कार्यक्रमात तिला बायबलमधल्या गोष्टीवरच्या नाटुकल्यात काम मिळाले आहे. घरात त्यावरून थोडी कुरकुर आहे. बाई विचारतात, "या गोष्टी आपल्या मुलांना हव्यात कशाला? आणि सांगायच्याच तर त्या सांगाव्यात तरी कशा?"

बाई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो मराठी भाषेत चारशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने आपली भाषा अशी आत्मसात केली की, सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याच्या हातून उतरले. 1616 साली ते रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. या ग्रंथाच्या आरंभीच त्याने तो लिहिण्याचे कारण सांगितले आहे. सासष्टीत एका रविवारी दुपारी देवळात लेकरे 'दोत्रीन' ऐकत बसली होती. दोत्रीन म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरे: गुरूने विचारावे, शिष्याने पाठ केलेले उत्तर द्यावे. तेव्हा एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे झाला आणि पाद्रीबाबांना म्हणाला की, ही शिकवण ठीक आहे. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण का करून देत नाही?

या मागणीमागचे दुःख नजरेआड करता येत नाही. त्या सासष्टीत देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांना बंदी होती. ज्या लोकांच्या संध्याकाळी पुराण ऐकण्यात जात, त्यांच्या संध्याकाळी रित्या झाल्या होत्या. प्रश्नोत्तरांनी त्या भरत नव्हत्या. ही बंदी घालणाऱ्यांच्याच गोटातला हा पाद्री; पण त्याने एवढे ओळखले की माणसाला गोष्ट लागते. मग त्याने जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची सारी कथा पुराणाच्या धाटणीने सांगितली. मधूनच श्रोता उठून शंका विचारतो, आणि गुरू उत्तर देऊन पुन्हा कथा धरतो. पुराणिकाच्या पाटासमोर बसलेल्या कोणालाही ओळखीची वाटावी अशीच ही रीत.

मौज अशी की, प्रश्नोत्तरांचे पुस्तकही याच स्टीफन्सने लिहिले आहे. कोकणीतली त्याची 'दोत्रीन' त्याच्या मृत्यूनंतर, 1622 साली छापून निघाली. म्हणजे एकाच माणसाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. या दोन पुस्तकांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

स्टीफन्सची ही वाट पुढे अनेकांनी धरली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हातात टाळ घेऊन ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करीत. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांनी आरंभले, आणि 1919 साली ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. गोव्यात चांदर, कासावली या गावी अजूनही 6 जानेवारीला तीन मुलगे मुकुट घालून, घोड्यावर बसून, बाळ येशूला नजराणा द्यायला निघालेले तीन राजे होतात. त्या मुलांना तीन राजांची गोष्ट पाठ करायला लावावी लागत नाही. ज्याने एक दिवस मुकुट सांभाळला त्याला ती जन्मभर येते.

यात परके असे काही नाही. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल आणि खरे गाढव आणून गव्हाणीचा देखावा मांडला, तो लोकांना गोष्ट डोळ्यांनी दिसावी म्हणून. या दिवाळीत तुमच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला असेल, त्यावर अळीव पेरले असतील, बुरुजावर मावळे उभे केले असतील. ती दुसरी कोणती गोष्ट आहे? इतिहासाच्या पुस्तकातला प्रतापगड परीक्षेनंतर विसरतो. चिखलाने हात भरवून केलेला विसरत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. या गोष्टी आपल्या मुलांना कशाला? याचे उत्तर मला बेंबळीला मिळाले.

बेंबळी हे धाराशिव जिल्ह्यातले माझे माहेर. जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्यांनी मराठीत आणलेले 'सुबोध बायबल' मी त्यानंतर घेतले, आणि एका दिवाळीत बेंबळीला जाताना पिशवीत टाकले. सोयाबीनची रास नुकतीच झाली होती. अंगणात पोती, शेळ्या आणि कंटाळलेली सात मुले. दिवाळीचा अभ्यास म्हणून त्यांना कसलेसे 'संस्काराचे धडे' वाचायचे होते. मी म्हटले, "ते ठेवा बाजूला. एका बापाला दोन लेक होते, त्याचं नाटक करू."

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली, पंधराव्या अध्यायातली. धाकटा मुलगा बापाच्या जिवंतपणीच वाटा मागून घेतो, दूरदेशी जाऊन सारा उधळतो, दुष्काळात डुकरे राखायची पाळी त्याच्यावर येते. आणि ज्यू माणसाला डुक्कर निषिद्ध, म्हणजे यापुढे खाली जायला पायरीच नाही, हे मुलांना आधी सांगावे लागते. तो परत येतो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत जातो. अंगरखा, अंगठी, मेजवानी. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागावून दाराबाहेरच थांबतो.

डुकरांच्या कामाला दोन करडे मिळाली. उस्मानाबादी जातीची, काळीभोर आणि अत्यंत नाठाळ. मेजवानीला बोकड कापायचा ठरल्यावर करडांची मालकीण रडू लागली, म्हणून पुरणपोळीवर तडजोड झाली. सर्वांत अवघड प्रश्न थोरल्याचा. ते काम माझ्या धाकट्या भाचीवर आले. ती फुरंगटून म्हणाली, "मला नको हे काम. धाकट्याला अंगठी मिळते. ह्यो नुसता चिडतो."

खेळ सुरू झाला. धाकटा झालेल्या मुलाला 'दूरदेशी' हा शब्द आठवेना. तो ठसक्यात म्हणाला, "माझा वाटा टाका. मी पुण्याला चाललो."

पोत्यांची तोंडे शिवत बसलेल्या दादाचा हात तिथेच थांबला. आमचा धाकटा भाऊ वडील गेल्यावर आपल्या वाट्याचे रान विकून पुण्याला गेला होता. धंदा बसला, पैसा गेला, आणि दादाने त्याचे नाव टाकले. मुलांना यातले फारसे ठाऊक नव्हते. आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे न बघता बसून राहिलो.

नाटक पुढे सरकले. पत्र्याच्या डब्याची हलगी वाजली. भाची खुरपे घेऊन शेतातून आली, उंबऱ्याशी आली आणि खरोखरीच बसकण मारून बसली. बाप झालेला मुलगा बाहेर येऊन विनवू लागला. ती म्हणाली, "मी एवढी वर्सं राबले. मला कधी एक करडू तरी दिलं का?" हे वाक्य मी सांगितलेले होते, पण तो आवाज मी सांगितलेला नव्हता.

बापाचे बोलणे झाले आणि खेळ संपला. ती उठेना. "आत्या, मग तो आत गेला का?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही," मी म्हटले.

"असं कसं?"

खरेच, तिथे लिहिलेले नाही. थोरला आत गेला की नाही हे न सांगताच येशूने गोष्ट संपवली आहे. पाप्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून त्याच्यावर कुरकुरणाऱ्या सज्जनांना तो ती सांगत होता. म्हणजे ऐकणारेच थोरले भाऊ होते. शेवट त्याने त्यांच्यावर सोडला.

तेवढ्यात दादा पोत्यांमागून म्हणाला, "पण थोरल्याचं काय चुकलं व्हतं?"

कोणी बोलेना. मग आई म्हणाली, "चुकलं काहीच न्हाई रं. पण बाप उंबऱ्याच्या भाईर आलाय की."

दुसऱ्या दिवशी दादाने माझ्याकडून धाकट्याचा नवा नंबर घेतला. फोन केला की नाही, ते मी विचारले नाही.

वाचक भगिनी, म्हणून सांगते, तुमच्या मुलीला काम करू द्या. एका बापाची आणि दोन मुलांची गोष्ट ऐकल्याने किंवा खेळल्याने कोणाचा धर्म जात नाही. ज्या घरात दोन भाऊ आहेत त्या घराची ती गोष्ट आहे. शाळेने गोष्टीच्या आडून मुलांवर श्रद्धेची सक्ती केली तर जरूर बोला. तशी सक्ती कोणत्याही धर्माच्या शाळेने करू नये. पण गोष्ट आणि सक्ती यांतला फरक मुलांना आपल्याआधी कळतो. गोष्टीत त्यांना प्रश्न विचारता येतो.

घरी करून पाहणार असाल तर दोन-चार गोष्टी अनुभवाच्या. पोशाखावर पैसे घालू नका. आजोबांचे धोतर आणि एक घोंगडी पुरते. संवाद पाठ करून घेऊ नका. गोष्ट दोनदा सांगा आणि मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. दूरदेशाचे पुणे झाले तर होऊ द्या. नावडते काम एकदा तरी प्रत्येकाला द्या. चांगल्याचे काम करून मूल टाळ्या मिळवते. रुसलेल्याचे काम केले की रुसलेला माणूस आतून कसा असतो ते त्याला कळते. आणि खेळ संपल्यावर तात्पर्य सांगू नका. मुलाने विचारले तर "तुला काय वाटतं?" एवढेच म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आपल्याला सर्वांत जड जाते ते हेच.

स्टीफन्सच्या त्या दोन पुस्तकांचे सांगायचे राहिले. प्रश्नोत्तरांची 'दोत्रीन' छापील रूपात टिकली. 1945 साली लिस्बनला तिची हुबेहूब प्रतिकृतीही निघाली. 'ख्रिस्तपुराण' सतराव्या शतकात तीनदा छापले गेले, पण त्या तीनपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज सापडत नाही. 1684 साली तर पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. तरी पुराण उरले, कारण लोकांनी ते हाताने उतरून घेतले, घरात आणि देवळात वाचले, गाव सोडून कानडी मुलखात गेले तेव्हा सोबत नेले. अशा हस्तलिखितांवरूनच 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, आणि 1956 साली पुण्याला देवनागरीत आले. त्या रविवारी देवळात बसलेल्या लेकरांची पणतवंडे ते ऐकत राहिली, म्हणून आज आपल्याला ते वाचता येते.