पुढील खेळयंत्राचें भाकीत

मधल्या सुट्टींत आमच्या शाळेच्या आवारांत हल्लीं एक वाद नित्य ऐकूं येतो. मुलें झाडाखालीं घोळका करून बसतात आणि पुढील प्लेस्टेशनमध्यें कोणती चिप असेल, ती किती वेगाची असेल, यावर हिरीरीनें बोलतात. यांत वेळेचें मातेरें होतें, अशी कित्येक पालकांची तक्रार आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. भाकीत करणें वाईट नव्हे. आधारावांचून केलेलें भाकीत मात्र निरर्थक होय.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. चिप म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा सिलिकनचा तुकडा. त्यावर ट्रान्झिस्टर नांवाच्या अतिसूक्ष्म कळा कोरलेल्या असतात. २०२० सालीं निघालेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्स या यंत्राच्या मुख्य चिपवर अशा १५३० कोटी कळा आहेत. पूर्वी या कळा जसजशा लहान होत, तसतशा त्या स्वस्तही होत. प्लेस्टेशन २ हें यंत्र २००० सालीं अमेरिकेंत २९९ डॉलरांस मिळे. तेंच २००९ सालीं ९९ डॉलरांस मिळूं लागलें. आतां कळा लहान होतात खऱ्या, परंतु त्या घडविण्याचा खर्च वाढत चालला आहे. प्लेस्टेशन ५ बाजारांत येऊन जवळजवळ पांच वर्षें लोटल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्यें, अमेरिकेंत त्याची किंमत उतरण्याऐवजीं ५० डॉलरांनीं चढली.

यावरून आमचें अनुमान असें कीं, पुढील यंत्राची करामत कळांच्या संख्येपेक्षां त्यांच्या उपयोगांत दिसेल. पडद्यावरील प्रत्येक ठिपका गणित करून काढण्याऐवजीं थोडे ठिपके काढावयाचे आणि उरलेले, यंत्रास आधीं शिकवून ठेवलेल्या अनुमानानें भरावयाचे, ही रीत आतांच रूढ झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मधील प्लेस्टेशन ५ प्रो आणि जून २०२५ मधील निन्टेन्डो स्विच २ या दोहोंत ती आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें सोनीचे मार्क सर्नी व एएमडीचे जॅक ह्युन यांनीं याच कामासाठीं, तसेंच प्रकाशकिरणांचा मार्ग काढण्यासाठीं, चिपवर खास भाग योजण्याचा विचार जाहीर केला; कांहीं वर्षांनीं येणाऱ्या यंत्रांत ते असावेत, अशी सर्नी यांची इच्छा आहे.

बळापेक्षां युक्ति श्रेष्ठ, हा धडा पुण्यास नवा नाहीं. परदेशांतून महासंगणक मिळण्यास अडचण आली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध केला. त्यांत एकच अचाट चिप नव्हती. ट्रान्सप्युटर नांवाच्या अनेक लहान चिपांस एकत्र जुंपून मोठें काम करून घेतलें होतें.

आतां आमच्या खऱ्या चिंतेकडे वळतों. एका विद्यार्थ्यास नॅनोमीटरांचे आंकडे तोंडपाठ होते. परंतु त्याच्या वडिलांच्या वाहनकारखान्यांत २०२१ सालीं कांहीं दिवस काम कां थांबलें होतें, हें त्यास सांगतां येईना. वस्तुतः दोन्ही गोष्टी एकाच विषयाच्या आहेत. २०२० च्या टाळेबंदींत मोटारी खपेनाशा झाल्या, तेव्हां मोटारवाल्यांनीं चिपांची मागणी घटविली. इकडे घरीं बसलेल्या जगानें संगणक व खेळयंत्रें भराभर घेतलीं आणि चिपांचे कारखाने त्या कामांत गुंतले. पुढें मोटारींस गिऱ्हाइक आलें, तों चिपा मिळेनात. सप्टेंबर २०२१ मध्यें महिंद्र कंपनीनें आपल्या मोटार कारखान्यांत सुमारें सात दिवस उत्पादन बंद राहील असें जाहीर केलें; तिचा एक मोठा कारखाना चाकणलाच आहे. त्याच काळांत प्लेस्टेशन ५ देखील दुकानांत दिसेना. थोडक्या किंमतीची चिप नाहीं म्हणून लाखों रुपयांची गाडी अडून राही आणि त्याबरोबर कंत्राटी कामगाराचा रोजही बुडे.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, भाकीत अवश्य करा. परंतु तें वहींत लिहून त्याखालीं कारण लिहा. "कोणीतरी म्हणतो" हें कारण नव्हे. यंत्र बाजारांत आल्यावर ती वही उघडून ताळा पाहा. ज्याचें भाकीत चुकलें आणि कां चुकलें हें ज्यास समजलें, तो नुसत्या नशिबानें बरोबर ठरलेल्यापेक्षां अधिक शिकला, असें आम्ही समजूं.

पालकांसही एक विनंति आहे. खेळण्याच्या वेळेस मर्यादा घालणें आपलें कर्तव्यच आहे. पण मुलगा चिपेविषयीं बोलूं लागला तर त्यास गप्प करूं नका. "हें कशावरून?" एवढेंच विचारा. आणि आपण कारखान्यांत असाल, तर आपल्या यंत्रांतील चिप कोणतें काम करते, हें त्यास एकदां सांगा. निगडी, भोसरी, चाकण येथील घरांत हा विषय शिकविण्यास दुसरें पुस्तक लागणार नाहीं.