डेबियन की उबंटू?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी संगणक एका तारखेत म्हातारे ठरले. अशा वेळी लिनक्सचे नाव निघते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, कोणते लिनक्स? घरी, शाळेत किंवा वाचनालयात संगणक सांभाळणाऱ्यांना बहुधा दोन नावे सुचवली जातात: उबंटू आणि डेबियन. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्त, आणि वापरायलाही आज बरीचशी सारखी. मग निवडायचे कशावरून?

मुळात ही दोन परकी घरे नाहीत. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन सुरू केले. मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटूची पहिली आवृत्ती काढली, ती डेबियनच्याच पायावर. आजही उबंटूची प्रत्येक नवी आवृत्ती घडताना बहुतेक सॉफ्टवेअर डेबियनच्या विकास-शाखेतून येते. पाया स्वयंसेवकांचा, त्यावरची माडी कंपनीची.

या माडीचे श्रेय मात्र मोठे आहे. इंटरनेट महाग आणि मंद होते त्या काळात मागेल त्याला उबंटूची सीडी टपालाने फुकट घरपोच येत असे. ही सोय २०११ पर्यंत चालली. उबंटूचे वेळापत्रकही ठरलेले आहे. दर सहा महिन्यांनी एक आवृत्ती निघते आणि दर दोन वर्षांनी दीर्घकाळ सांभाळली जाणारी एलटीएस. नव्या लॅपटॉपवर वायफाय पहिल्याच दिवशी चालू होणे ही नवख्यासाठी फार मोठी गोष्ट असते. जून २०२३ मधील डेबियन १२ पर्यंत डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायसारख्या भागांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर नसे. तत्त्व सांभाळले जाई, पण अनेकांचे वायफाय अडून बसे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला. उबंटूने ही अडचण नवख्याच्या वाट्याला फार आधीच येऊ दिली नव्हती.

आता दुसरी बाजू. २०१२ च्या उबंटू १२.१० मध्ये वापरकर्ता स्वतःच्या संगणकावर फाइल शोधू लागला, तरी त्याचा शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरकडे जाई आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू समोर येत. तीव्र आक्षेपांनंतर २०१६ च्या आवृत्तीत ही सोय मूळ रचनेत बंद ठेवली गेली. उबंटू २२.०४ पासून सॉफ्टवेअर बसवण्याच्या नेहमीच्या ॲप्ट आज्ञेने फायरफॉक्स मागितले तरी हाती कॅनॉनिकलच्या स्नॅप पद्धतीचे पॅकेज पडते. याला फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचीही संमती होती, आणि एकच पॅकेज सर्व आवृत्त्यांना पुरते, हा फायदा खरा आहे. तरी स्नॅप-दुकानाचे सर्व्हर-सॉफ्टवेअर बंदिस्त आहे आणि त्याची किल्ली एकाच कंपनीकडे आहे. उबंटूवरच आधारलेल्या लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपला मुळातच अटकाव केला, तो याच कारणाने.

डेबियनला मालक नाही. १९९७ चा सामाजिक करार आहे, लिखित घटना आहे, दरवर्षी निवडून येणारा प्रकल्पप्रमुख आहे. याची किंमतही मोजावी लागते. स्थिर आवृत्तीतले सॉफ्टवेअर हळूहळू जुने होत जाते. वाद लांबतात: २०१४ मध्ये संगणक सुरू होताना सेवा चालू करणारे सिस्टिमडी स्वीकारावे की नाही, यावर तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने प्रश्न सुटला. पण पुढचे पाहा. कॅनॉनिकलने त्याच कामासाठी स्वतःचे अपस्टार्ट घडवले होते, तरी काही दिवसांत शटलवर्थ यांनी उबंटूही डेबियनचाच मार्ग धरेल, असे जाहीर केले. पायाने दिशा ठरवली आणि माडीने ती मानली.

संथपणाचा लाभही एकदा दिसला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला. डेबियनच्या विकास-शाखेत तो शिरला होता, स्थिर आवृत्तीत नाही, उबंटू २४.०४ ची बीटा मात्र आठवडाभर लांबली. यात नशिबाचाही वाटा होता, हे मान्य करायला हवे. तो चोरदरवाजा दोन वर्षे लपून राहिला असता, तर संथपणाही कामी आला नसता.

मराठीच्या बाबतीत तराजू समान आहे. रेड हॅटने मुक्त केलेला लोहित देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे मिळतात.

फरक पडतो तो सांभाळण्यात. उबंटू एलटीएसची पाच वर्षांची नियमित सुरक्षा मुख्य भांडारापुरती आहे. व्हीएलसीसारखी सॉफ्टवेअर युनिव्हर्स भांडारात येतात आणि त्यांच्या हमीच्या सुरक्षेसाठी उबंटू प्रो लागते. ते वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत आहे. घराला एवढे पुरते, वीस संगणकांच्या शाळेला नाही. डेबियनमध्ये तीन वर्षांची सुरक्षा आणि पुढे दोन वर्षांची दीर्घकालीन देखभाल मिळते, आणि संगणक कितीही असोत, नोंदणी लागत नाही.

म्हणून आमचे मत असे. लॅपटॉप नवा असेल, मदतीला जाणकार नसेल किंवा कंपनीकडून पैसे देऊन सेवा हवी असेल, तर उबंटू एलटीएस घ्यावे; त्यात कमीपणा काही नाही. शाळेची प्रयोगशाळा, वाचनालय किंवा काही वर्षे जुना संगणक असेल आणि अधूनमधून लक्ष घालणारा कुणी असेल, तर डेबियन घ्यावे. मात्र यंत्र ३२-बिटचे आहे का, ते आधी तपासावे, कारण ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ त्यावर इन्स्टॉल होत नाही. दोन्ही सारखेच सोयीचे वाटत असतील, तर आमचा कौल डेबियनला आहे. आपल्या यंत्रात उद्या काय बदलेल, हे तिथे उघड चर्चेने आणि मतदानाने ठरते.

निवड कोणतीही करा. आधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, पेन ड्राइव्हवरून दोन दिवस चालवून पाहा, तुमचा प्रिंटर आणि मराठी टंकलेखन तपासा, आणि मगच जुनी प्रणाली पुसा.