मोर्सआधीचे हेन्री

तारायंत्राचा इतिहास मोर्सपासून सुरू करणे मला अन्यायाचे वाटते. १८३० च्या दशकात प्रिन्स्टनच्या वर्गात जोसेफ हेन्री एक प्रयोग दाखवीत. लांब तारेतून आलेला क्षीण प्रवाह लहान विद्युतचुंबकाला जागे करी. तो दुसऱ्या बलाढ्य विद्युतचुंबकाचे मंडल तोडी आणि त्याने पेललेले वजन धाडकन कोसळे. क्षीण प्रवाहाने भार वाहायचा नाही, केवळ आज्ञा द्यायची, हेच रिलेचे तत्त्व. (हे नाव मात्र घोडे बदलण्याच्या डाकचौक्यांवरून आले!) हेन्रींनी पेटंट घेतले नाही, मोर्स यांनी तारायंत्राचे पेटंट १८४० मध्ये मिळवले. पेटंटवरून श्रेय ठरवणे न्यायालयाला शोभते, इतिहासकाराला नाही. शेतपंपाच्या स्टार्टरचे हिरवे बटण दाबताच लहानशी गुंडाळी मोटारीचा मोठा प्रवाह जोडते, तीही हेन्रींचीच युक्ती.