हाक मोदकात, पत्ता साध्या अक्षरात

गणपती जवळ आले की मंडळांची पत्रकं, घरची निमंत्रणं, खाऊच्या दुकानांचे फलक यांची लगबग सुरू होते. हल्ली हे काम फोनवरच होतं. गमतीदार अक्षर हवं असेल, तर ‘मोदक’ हा फॉन्ट एकदा जरूर बघा.

मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या या फॉन्टची सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांतून झाली. नावाप्रमाणेच अक्षरं गुबगुबीत आहेत. पोटं टम्म फुगलेली, आतल्या पोकळ्या रेघेएवढ्या बारीक. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो. परवाना खुला असल्यामुळे दुकानाच्या पाटीवर वापरला तरी पैसे भरावे लागत नाहीत. तेव्हा मनसोक्त वापरा, पण जागा बघून.

मागे एका रक्तदान शिबिराचं पत्रक हाती आलं. मथळा छान होता. पण वेळ, पत्ता, फोन नंबरसुद्धा मोदकातच, तेही बारीक आकारात. झेरॉक्समध्ये पोकळ्या शाईने बुजल्या होत्या. वेळ ९ ची की १ ची, हे शेजारच्या आजींना कळेना आणि मलाही. रक्त द्यायला निघालेला माणूस अशाने दारातून परत फिरतो.

हे अक्षर हाक मारायला आहे. हाक दोन-तीन शब्दांची असते आणि खणखणीत असते. वाढदिवसाच्या फलकावरचं नाव, बालवाडीची भिंत, गोष्टीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, बालनाट्याची जाहिरात, वडापावच्या गाडीची पाटी, लाडवाच्या डब्यावरचं लेबल इथे मोदक शोभतो. पुढचा मजकूर मात्र ‘मुक्ता’सारख्या साध्या, सुटसुटीत फॉन्टमध्ये घ्या. हस्ताक्षराचा ओलावा हवा असेल तर ‘कलम’ आहे. शोकसंदेश, औषधाच्या सूचना, सोसायटीची नोटीस यांत गुबगुबीत अक्षर चुकूनही नको. दुःखात आणि काळजीत असलेल्या माणसाशी खेळकर सुरात बोलू नये.

अक्षर मोठं ठेवा. त्याला ताणू नका, भोवती जाड किनार देऊ नका, पोकळ्या बुजतात. एका पानावर दोन फॉन्ट पुरेत. ‘श्री’, ‘दुसऱ्या’, ‘कृष्ण’ असे शब्द टाकून जोडाक्षरं तुटत नाहीत ना, ते तपासा. फोनच्या पडद्यावर विसंबू नका. खऱ्या आकाराची एक प्रत काढून भिंतीवर लावा आणि दहा पावलं मागे जाऊन मथळा वाचा.

शेवटी ती प्रत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. वेळ आणि पत्ता त्यांनी न अडखळता वाचला, तरच पत्रक छापायला पाठवा.